समसंबंध शिकवताना फरशीवर काढलेला पूल : तुम्ही कसं शिकवता?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी,

मी पाटण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवतो. शाळा भरायच्या आधी तासभर शिष्यवृत्तीचा वर्ग घेतो. ज्यांच्या घरी सध्या पाचवीचं मूल नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न असतात, प्रत्येकी २ गुणांचे, आणि त्यात समसंबंध हमखास येतो. पहिल्या दोन शब्दांत जे नातं आहे तेच तिसऱ्या आणि चौथ्यात हवं, चौथा शब्द ओळखा. आमची मुलं गणितात चांगली आहेत, आकृत्यांतही बरी आहेत, पण शब्दांचा समसंबंध आला की अडखळतात. गेली तीन वर्षं मी हे आकृती काढून शिकवतोय. काय जमलं आणि काय फसलं ते लिहितो, तुमचं ऐकायचं आहे.

सुरुवात एका प्रश्नावरून झाली. सुतार : करवत :: शिंपी : ? पर्याय होते सुई, कापड, कात्री, मशीन. निम्म्याहून जास्त वर्गाने 'सुई' लिहिलं. एका मुलीला विचारलं, सुई का? ती म्हणाली, "गुरुजी, सुतार म्हटलं की करवत, शिंपी म्हटलं की सुई." तिचं काय चुकलं? तोवर मी वर्गात "जोडी ओळखा" एवढंच म्हणत आलो होतो. तिने जोडी ओळखली होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना फरशीवर गोल बसवलं आणि खडूने एक पूल काढला. सरळ रेघ, मध्ये उंचवटा, पुन्हा सरळ रेघ. डावीकडे रेघेच्या वर सुतार, खाली करवत. उजवीकडे वर शिंपी, खाली रिकामी चौकट. इथे टाइप करून जमेल तसं दाखवतो :

सुतार ——— /\ ——— शिंपी
करवत ——— /\ ——— [    ]

चित्र सगळ्यांना आवडलं आणि तरीही सगळ्यांनी 'सुई'च सांगितलं.

मग पुलाच्या डाव्या टोकाला एक लांबट चौकट काढली आणि नियम केला, की रिकामी जागा भरायच्या आधी ह्या चौकटीत वाक्य लिहायचं. पहिलं वाक्य आलं, "सुताराकडे करवत असते." म्हटलं, हेच वाक्य घेऊन पुलावरून पलीकडे जा. शिंप्याकडे काय असतं? सुई असते, कापड असतं, कात्री असते, मशीन असतं. चारही पर्याय पुलावरून आरामात गेले. मुलांच्याच लक्षात आलं की असं चालणार नाही. दुसरं वाक्य, "सुतार करवतीने काम करतो." शिंपी कापडाने काम करतो, हे त्यांच्या कानाला खटकलं, म्हणून कापड गळलं. तीन उरले. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग ज्या मुलीने सुई म्हटलं होतं तीच म्हणाली, "सुतार करवतीने लाकूड कापतो." बाकीच्यांनी पुढचं वाक्य पुरं व्हायची वाटही पाहिली नाही, कात्री कात्री म्हणून ओरडले.

त्या दिवसापासून आमच्या वर्गात एक बोलणं रुळलंय : पूल रुंद झालाय, अरुंद कर. म्हणजे वाक्य अजून नेमकं कर.

दिशेचाही गोंधळ असतो. "करडू : शेळी" दिलं असताना पुढे "घोडा : शिंगरू" लिहून मोकळे होतात. त्यावर पुलाच्या दोन्ही बाजूंना वरून खाली एकेक बाण काढतो आणि दोन्हीकडे वाक्य बाणाच्या दिशेनेच वाचायला लावतो. तेवढ्याने भागतं.

आता फसलेलं. मागच्या वर्षी उत्साहाने पुलाचे रंगीत तक्ते केले, प्रत्येकाला छापील पूल दिले. मुलांनी पुलाला कठडे काढले, खाली नदी काढली, मासे काढले, आणि वाक्याची चौकट रिकामी ठेवून उत्तर लिहिलं. पंधरा दिवसांनी तक्ते कपाटात ठेवले आणि परत फरशी-खडूवर आलो. वाक्य लिहिलं नाही तर पूल ही नुसती नक्षी राहते, असं माझं मत झालं आहे. ते तपासून घ्यायचं आहे, म्हणून हा धागा.

दुसरं असं, की "पक्षी : घरटे :: मुंगी : ?" ह्याचं उत्तर पुस्तकात वारूळ. माझा एक विद्यार्थी म्हणाला, "वारुळात नाग असतो गुरुजी, मुंगी कुठं?" त्याच्या शेताच्या बांधावर वारूळ आहे, तो रोज बघतो. मला पटकन उत्तर देता आलं नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?

---

वाचनमात्र

मुलगा पाचवीतच आहे. आज रात्रीच पूल काढून बघतो. वाचतोय.

---

दूरदेशी

तुमचा पूल पाहून चमकले. माझी मुलगी न्यू जर्सीत चौथीत आहे आणि तिच्या वहीत अगदी हाच पूल आहे! तिथे त्याला 'ब्रिज मॅप' म्हणतात. डेव्हिड हायर्ली यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस 'थिंकिंग मॅप्स' म्हणून आठ आकृत्यांचा संच मांडला, त्यातली ही एक. गोळ्याची आकृती वर्णनासाठी, झाडाची वर्गीकरणासाठी, कंसाची पूर्ण आणि भागांसाठी, आणि पुलाची साधर्म्यासाठी. प्रत्येक आकृतीचं काम एकच आणि ठरलेलं. त्यांच्याही पुलात डावीकडे एक जागा असते, दोन्हीकडे समान असलेलं नातं लिहायची. म्हणजे तुमची लांबट चौकट. तुम्ही स्वतः तिथवर पोचलात ह्याचं फार कौतुक वाटलं.

माझं निरीक्षण मात्र तुमच्यासारखंच आहे. मुलीच्या वहीत बरेचदा त्या जागेत एकच शब्द असतो, 'घर', 'भाग', 'काम'. वाक्य नसतं. तिला म्हटलं, पूर्ण वाक्य लिही, तर म्हणाली, बाईंनी शब्दच सांगितलाय. घरी आम्ही मराठीत वाक्य करतो. मराठीत करायला लागल्यापासून एक फायदा दिसतोय. 'करवत' म्हटलं की 'करवतीने' म्हणावं लागतं, 'घरटं' म्हटलं की 'घरट्यात'. ने, ला, त, चा हे प्रत्ययच नातं सांगून टाकतात. शब्दाला कोणता प्रत्यय लावावासा वाटतो हे विचारलं की अर्धं नातं हातात येतं.

जाता जाता, अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या 'सॅट' परीक्षेतून समसंबंधाचे प्रश्न २००५मध्ये काढून टाकले. इथल्या कितीतरी शाळांत तरीही शिकवतात, परीक्षेत नसताना. मला ते आवडतं.

---

व्याकरणवेडा

दूरदेशी, विभक्तीबद्दल जे लिहिलंत ते लाखमोलाचं. मी ३१ वर्षं माध्यमिकला मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. त्यात भर घालतो.

आपल्याकडे उपमा अलंकार शिकवताना चार अंगं सांगतात : उपमेय, उपमान, साधर्म्यवाचक शब्द आणि साधारण धर्म. "आजीचे हात सायीसारखे मऊ" ह्यात हात उपमेय, साय उपमान, 'सारखे' साधर्म्यवाचक आणि 'मऊ' हा साधारण धर्म. मुलं पहिली तीन बिनचूक ओळखतात आणि चौथ्याशी अडतात, विशेषतः जिथे साधारण धर्म सांगितलेलाच नसतो. कोयनाकाठ, तुमची चौकट म्हणजे ह्या चौथ्या अंगाची जागा. मी आयुष्यभर फळ्यावर चार रकाने आखत आलो, पूल सुचला नाही.

पण एक फरक स्पष्ट करावासा वाटतो. "हात सायीसारखे" ह्यात दोन वस्तूंचं साम्य आहे. "मूल म्हणजे दूध तर नातवंड म्हणजे दुधावरची साय" ह्यात मूल दुधासारखं दिसत नाही आणि नातवंडही सायीसारखं दिसत नाही. दुधातून साय येते आणि ती दुधाहून प्रिय असते, हे नातं सारखं आहे. पहिल्याला साम्य म्हणू, दुसऱ्याला समसंबंध. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द अशी चार प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवायची साधनं, मानली आहेत, त्यातल्या उपमानाचं ठरलेलं उदाहरण गवय ह्या रानटी प्राण्याचं आहे. गवय गाईसारखा असतो असं ऐकलेला माणूस रानात गेला, तसा प्राणी दिसला आणि त्याने ओळखलं. ते साम्य. लहान मुलं आधी तिथवरच पोचतात. तुमची ती मुलगी साम्यावरही नव्हती, ती सहवासावर होती : सुतार म्हटलं की करवत. सहवास, मग साम्य, मग संबंध. ह्या तीन पायऱ्या वेगळ्या ठेवल्या तर कुठलं मूल कुठे आहे हे कळतं आणि त्याला उगाच 'चूक' म्हणावं लागत नाही.

म्हणींवर पूल काढून बघा. म्हण म्हणजे एका बाजूचाच पूल. दुसरी बाजू ऐकणाऱ्याने आपल्या अनुभवातून भरायची असते. "आयत्या बिळावर नागोबा" घ्या. डावीकडे वर नागोबा, खाली बीळ, चौकटीत "दुसऱ्याने खणलेल्यात शिरतो", आणि उजवी बाजू मुलांवर सोडा.

---

ठाणेकरीण

वेगळं मत मांडते, राग नसावा.

इंग्रजी धरून त्या पेपरात दीड तासात ७५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिट मिळत नाही. पूल काढायचा, वाक्य लिहायचं, मग अरुंद करायचं, हे परीक्षेत कोण करणार? माझ्या मोठ्या मुलीच्या क्लासमध्ये नात्यांचे प्रकार पाठ करून घ्यायचे. प्राणी-पिल्लू, प्राणी-घर, प्राणी-आवाज, कारागीर-हत्यार, देश-राजधानी, भाग-पूर्ण, कार्य-कारण, असे तीसेक. प्रश्न आला की यादीत बसवायचा. तिला चांगले गुण मिळाले. आकृत्या सुंदर आहेत, पण मुलांचा वेळही महत्त्वाचा आहे.

---

कोयनाकाठ

ठाणेकरीण, राग कसला! प्रश्न रास्तच आहे.

परीक्षेत पूल काढायचा नसतोच. जूनपासून दिवाळीपर्यंत काढतो, दिवाळीनंतर खडू बंद, फक्त वाक्य तोंडी. जानेवारीत वाक्यही मनातल्या मनात. पोहायला शिकताना पाठीला बांधलेला पांगारा कायमचा ठेवत नाहीत, तसं.

यादीबद्दल माझा अनुभव सांगतो. सुतार-करवत हा प्रश्न यादीत 'कारागीर-हत्यार' असा बसतो. आणि शिंप्याचं हत्यार म्हणून सुईही बसते, कात्रीही बसते, मशीनही बसतं. यादीचा पूल रुंद आहे. सोपे प्रश्न त्यावरून जातात. मुलं अडकतात ती जिथे दोन पर्याय एकाच प्रकारात बसतात तिथे, आणि प्रश्न काढणारा मुद्दाम तसेच पर्याय देतो. यादी टाकून द्या असं मी म्हणत नाही. पण यादीतलं नाव हे वाक्य नव्हे.

---

मनोविचार

मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. तुमच्या "वाक्याशिवाय पूल म्हणजे नक्षी" ह्या मताशी जुळणारे जुने प्रयोग आहेत, ते इथे सांगायलाच हवेत.

कार्ल डुंकर यांचा एक प्रसिद्ध प्रश्न आहे. रुग्णाच्या पोटात गाठ आहे, शस्त्रक्रिया शक्य नाही. किरण आहेत, पण गाठ मारण्याइतके तीव्र किरण वाटेतला निरोगी भागही मारतील. सौम्य किरणांनी गाठ मरत नाही. काय कराल? उत्तर असं, की सौम्य किरण अनेक बाजूंनी सोडायचे आणि ते गाठीवर एकत्र येतील असं बघायचं. हे उत्तर आपलं आपण फार थोड्यांना सुचतं, साधारण दहातल्या एकाला.

मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी १९८०मध्ये लोकांना आधी एक गोष्ट वाचायला दिली. एक सेनापती किल्ला घ्यायला निघतो. किल्ल्याकडे अनेक रस्ते जातात, पण सगळ्यांवर सुरुंग पेरलेले, मोठं सैन्य गेलं तर उडणार. तो सैन्याच्या तुकड्या करतो, प्रत्येक रस्त्याने एक पाठवतो आणि सगळ्या एकाच वेळी किल्ल्यापाशी पोचतात. गोष्ट वाचून झाल्यावर गाठीचा प्रश्न दिला. "त्या गोष्टीचा उपयोग होईल" असं सांगितलं तेव्हा चारातल्या तिघांना उत्तर आलं. काहीच न सांगता दिला तेव्हा साधारण दहातल्या तिघांनाच. गोष्ट डोक्यात ताजी असूनही पूल बांधला गेला नाही.

१९८३मध्ये त्यांनी ह्यात चित्र घातलं. अनेक बाण चहूबाजूंनी मध्ये येतायत, असं. एकाच गोष्टीबरोबर चित्र दिलं तर त्याचा म्हणावा तसा फायदा झाला नाही. एका गोष्टीबरोबर तत्त्व शब्दांत लिहून दिलं तरीही नाही. पण दोन वेगवेगळ्या गोष्टी दिल्या, त्यांतलं सारखं काय ते शोधायला लावलं आणि मग चित्र किंवा वाक्य दिलं, तेव्हा फरक पडला.

म्हणून एक सुचवते. पुलाला दोनच कमानी ठेवू नका. सुतार-करवत, शिंपी-कात्री ह्यांच्या पुढे तिसरी कमान मुलांनीच बांधावी. लाकूड आणि कापड सोडून तिसऱ्याच ठिकाणचं उदाहरण शोधायचं म्हटलं की नातं वस्तूंपासून सुटं होतं. डेड्रे गेंटनर यांनी १९८३मध्येच हे मांडलं : साधर्म्यात वस्तूंचे गुण एका बाजूकडून दुसरीकडे जात नाहीत, त्यांच्यातली नाती जातात. व्याकरणवेडा काकांनी दूध आणि साय यांवरून तेच सांगितलं.

---

व्याकरणवेडा

मनोविचार, जियो! किल्ल्याची गोष्ट आमच्याकडच्या मुलांना सांगायला तर एकदम सोपी. सह्याद्रीत किल्ले काय कमी आहेत!

---

प्रयोगवही

विज्ञान शिकवतो, आठवी ते दहावी. आमच्याकडे पूल काढला की तो कुठे मोडतो हेही दाखवावं लागतं, नाहीतर मोठं नुकसान होतं.

विद्युतधारा शिकवताना सगळेच पाण्याची टाकी काढतात. गच्चीवरची टाकी जितकी उंच तितका दाब, तो व्होल्टेज. नळी जितकी बारीक तितका रोध. नळीतून वाहणारं पाणी, ती धारा. मुलांना लगेच पटतं, कारण तळमजल्यावर नळ जोरात येतो आणि तिसऱ्या मजल्यावर करंगळीएवढी धार, हे रोजचं आहे. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. मग एका चाचणीत विचारलं, सेलमधून निघालेली धारा बल्बमधून गेल्यावर कमी होते का? जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, "होते, बल्ब वापरतो." हे कुठून आलं? माझ्याच टाकीतून आलं. नळ सोडला की पाणी वापरलं जातं, टाकी रिकामी होते. माझी आकृती मला हवं ते शिकवत होती आणि नको तेही शिकवत होती.

आता टाकी काढत नाही. बंद फेरा काढतो. पंप पाणी ढकलतो, पाणी नळीतून फिरतं, वाटेत एक चक्र फिरवतं आणि तेवढंच्या तेवढं पाणी परत पंपाकडे येतं. पंप : पाणी :: सेल : प्रभार, वाक्य "ढकलून फेऱ्यात फिरवतो". चक्र : बल्ब, वाक्य "वाहत्यातून ऊर्जा घेतं, वाहणारं गिळत नाही". आणि आकृतीच्या खाली लाल खडूने एक वेगळी पट्टी, 'इथे जुळत नाही'. नळी कापली तर पाणी सांडतं. तार कापली तर काहीच सांडत नाही, सगळं थांबतं. ही पट्टी मुलांकडूनच भरून घेतो. तिथे काय लिहितात त्यावरून कोणाला कळलंय ते समजतं.

अणू आणि सूर्यमालेचंही तसंच. मध्ये जड गाभा, भोवती इलेक्ट्रॉन, इथवर ठीक. पण ग्रह गुरुत्वाने बांधलेले आणि इलेक्ट्रॉन विद्युत आकर्षणाने. आणि इलेक्ट्रॉन ग्रहासारखा ठराविक वाटेने फिरत नाही. लाल पट्टी नसेल तर बारावीपर्यंत डोक्यात ग्रहच फिरत राहतात.

---

रानवाट

फक्त वारुळाबद्दल बोलतो, तो माझा विषय.

तुमचा विद्यार्थी बरोबर आहे आणि पुस्तकाचं उत्तर अर्धवट आहे. ज्याला आपण वारूळ म्हणतो ते मातीचं उंच बांधकाम बहुतेक वेळा वाळवीचं असतं. वाळवीला पांढरी मुंगी म्हणायची पद्धत पडली, पण ती मुंगी नव्हे. तिचं जवळचं नातं झुरळाशी आहे आणि मुंगीचं गांधीलमाशी-मधमाशीशी. वाळवी माती आणि लाळ कालवून हे बांधते आणि आत बुरशीचे मळे राखते. ते सोडून दिलं गेलं की त्यात उंदीर, घोरपड, साप येतात. आत गारवा असतो, आडोसा असतो. म्हणून नाग दिसतो, म्हणून नागपंचमीला वारुळाची पूजा. मुंग्यांची घरं बहुधा जमिनीखाली असतात, वर फक्त बारीक मातीचा ढिगारा दिसतो. आणि आंब्या-काजूच्या झाडांवरच्या तांबड्या मुंग्या पानं जोडून चक्क घरटं करतात. अळ्यांच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने पानं सांधतात.

वाक्य काय लिहिता त्यावर सगळं आहे. "बांधतो" लिहिलंत तर वारुळासमोर वाळवी. "राहतो" लिहिलंत तर नागही चालेल. परीक्षेत पुस्तकाचं उत्तर लिहू दे, पण त्या मुलाला तू बघितलंस ते खरं आहे, हे वर्गासमोर सांगा. बांधावर उभं राहून बघणारी मुलं आता फार राहिलेली नाहीत.

---

स्पर्शरेषा

मी दृष्टिहीन मुलांच्या शाळेत शिकवते. धागा वाचताना सारखं वाटत होतं, चित्र म्हणजे डोळ्यांनीच बघायचं का?

आमच्याकडे हा पूल पुठ्ठ्यावर आहे. जाड सुतळी फेविकॉलने चिकटवलेली, मध्ये उंचवट्याच्या जागी काडेपेटीची रिकामी पेटी. दोन्ही बाजूंना रेघेच्या वर आणि खाली ब्रेलच्या चिठ्ठ्या टाचणीने लावता येतात आणि काढता येतात. मूल डावा हात डाव्या जोडीवर ठेवतं, उजवा हात उजव्या जोडीवर, आणि दोन्ही हात एकदम वरून खाली नेताना वाक्य मोठ्याने म्हणतं. दोन्ही हात सारखेच हलले पाहिजेत. दिशा चुकली की एक हात वर आणि एक खाली जातो, त्याचं त्यालाच कळतं. कोयनाकाठ, तुमच्या बाणांचं काम आमच्याकडे हात करतात. डोळस मुलांकडूनही असं करवून बघा, बोटांना लवकर कळतं.

आमच्या मुलांना उदाहरणं मात्र जपून द्यावी लागतात. चंद्र, इंद्रधनुष्य, सावली ह्यांची नाती त्यांनी फक्त ऐकलेली असतात. कुलूप-किल्ली, घंटा-टोल, चूल-धग अशी दिली की त्यांची वाक्यं इतकी नेमकी येतात की मी थक्क होते. "घंटेला मारलं की टोल होतो, टोल घंटेतून येतो पण घंटेत नसतो." नऊ वर्षांच्या मुलाचं वाक्य आहे.

---

दूरदेशी

स्पर्शरेषा, हे वाक्य मी लिहून ठेवलं. मुलीला वाचून दाखवलं, ती बराच वेळ गप्प होती.

---

ठाणेकरीण

मी परत आले. दोन दिवस धागा वाचत होते आणि धाकटीबरोबर करून बघितलं. ती पाचवीत आहे. माझं यादीबद्दलचं मत थोडं बदललंय, पूर्ण नाही. यादीने आत्मविश्वास येतो, हे मी अजूनही म्हणेन.

आम्ही नातेसंबंधाचे प्रश्न घेतले, कारण तिथे ती रडकुंडीला येते. "फोटोतल्या स्त्रीच्या नवऱ्याची आई माझ्या वडिलांची सासू आहे" छाप. मानवशास्त्रात नात्यांच्या आकृतीत पुरुषाला त्रिकोण, स्त्रीला वर्तुळ आणि लग्नाला दोन आडव्या रेघा असतात, हे कॉलेजात शिकले होते. इरावती कर्वे यांनी भारतभरच्या नात्यांच्या शब्दांवर जे काम केलं ते तेव्हा वाचलं होतं, इतक्या वर्षांनी उपयोगी पडलं. एका मोठ्या कागदावर आमच्या घराचंच जाळं काढलं. आजी-आजोबा वर, मग बाबा, काका, आत्या, मग मी, मामा, मावशी, खाली सगळी भावंडं.

आपल्या भाषेत मामेभाऊ, आतेभाऊ, चुलतभाऊ, मावसभाऊ हे शब्दच वाट सांगतात. मामेभाऊ म्हणजे आईकडे वर जा, आडवं भावाकडे जा, खाली उतर. तिने चारही वाटा बोटाने चालून बघितल्या. मग आत्या : बाबा :: मावशी : ? हे तिने प्रश्न संपायच्या आत सांगितलं. "आत्या ही बाबांची बहीण" हे वाक्य तिच्या बोटाखालीच होतं.

पुढे झालं ते सांगण्यासाठी खरं तर हे लिहितेय. तिने विचारलं, जाऊ म्हणजे कोण? मी म्हटलं, नवऱ्याच्या भावाची बायको, काढ. तिने वर्तुळ काढलं, लग्नाच्या रेघा, त्रिकोण, मग भाऊ म्हणून दुसरा त्रिकोण, लग्नाच्या रेघा, वर्तुळ. मग साडू विचारलं. बायकोच्या बहिणीचा नवरा. त्रिकोण, रेघा, वर्तुळ, बहीण म्हणून वर्तुळ, रेघा, त्रिकोण. दोन्ही शेजारी शेजारी होते. ती बघत राहिली आणि म्हणाली, "आई, हे एकच आहे. फक्त गोल आणि त्रिकोण बदललेत. काकू तुझी जाऊ, तसे मावशीचे काका बाबांचे साडू!" मला लग्नाला सतरा वर्षं झाली, घरात दोन्ही आहेत, पण हे मला कधी दिसलं नव्हतं. हे कुठल्याही यादीत नव्हतं, हे मात्र मान्य करते.

---

मनोविचार

ठाणेकरीण, किती सुंदर! हीच ती तिसरी कमान. बाहेरून न देता तिने स्वतः बांधलेली.

---

प्रयोगवही

+१. उद्या नववीच्या वर्गात जाऊ-साडू काढणार. आनुवंशिकता शिकवायची आहेच. तिथल्या वंशावळीत पुरुषाला त्रिकोणाऐवजी चौकोन काढतात, एवढाच फरक.

---

कोयनाकाठ

मंडळी, काल शनिवारची सकाळची शाळा होती. वर्गात काय झालं ते सांगतो.

रानवाट यांनी लिहिलेलं मुलांना वाचून दाखवलं. बांधावरच्या वारुळाची गोष्ट सांगणारा तो मुलगा पहिल्यांदा पुढच्या रांगेत येऊन बसला. फरशीवर दोन पूल काढले, एकाच्या चौकटीत "बांधतो" आणि दुसऱ्याच्या चौकटीत "राहतो". वाळवी एका पुलावर बसली, नाग दुसऱ्यावर. स्पर्शरेषा यांच्या सांगण्यावरून सगळ्यांनी दोन्ही हात फरशीवर ठेवून वाक्यं म्हटली. गोंगाट फार झाला, पण दिशा एकाचीही चुकली नाही.

मग व्याकरणवेडा काकांची म्हण घेतली. डावीकडे वर नाग, खाली वारूळ, चौकटीत "दुसऱ्याने बांधलेलं वापरतो". उजवी बाजू मोकळी. थोड्या वेळाने सुईवाल्या मुलीने हात वर केला, "कोकिळा आणि कावळ्याचं घरटं." वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही उजवीकडे लिहायला वाकलो होतो.

वारूळवाला मुलगा म्हणाला, "नाही बसत गुरुजी. नाग वारूळ रिकामं झाल्यावर जातो. कावळ्याची अंडी घरट्यात असतानाच कोकिळा अंडं घालते. आणि ती तिथं राहत पण नाही."

दहा मिनिटं वाद चालला. एक गट म्हणे पूल चालतो, वाक्य तेच आहे. दुसरा म्हणे वाक्य रुंद आहे, अरुंद करा. शेवटी तिसरा गट तयार झाला. त्यांना प्रयोगवही यांची लाल पट्टी हवी होती, पूल ठेवायचा आणि खाली 'इथे जुळत नाही' लिहायचं. मुलांनीच लाल खडूने लिहिलं : "नाग रिकाम्यात जातो. कोकिळा भरलेल्यात जाते." खाली दोघांनी सह्याही केल्या.

तेवढ्यात घंटा झाली. खोली झाडणाऱ्या मावशींना सांगितलंय, तेवढा कोपरा सोमवारपर्यंत राहू द्या. जाता जाता तो मुलगा म्हणाला, नागासाठी त्याच्याकडे दुसरी जोडी आहे, पण आधी बांधावर जाऊन खात्री करून येतो.